पगार कमी, तरी इथेच: सांगलीतील एका हळद-पेढीच्या नोकरीचे प्रकरण

या प्रकरणातील माणसांची नावे बदलली आहेत आणि पेढीची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. सांगलीत कामगार कायदा आणि हिशेब या दोन्ही बाबतींत सल्ला देण्याचे काम मी करतो. या पेढीची वार्षिक हिशेबतपासणी माझ्याकडे असल्यामुळे २०२२ च्या जानेवारीत मला मध्यस्थ म्हणून बोलावले गेले. कुटुंबाच्या मालकीच्या व्यवसायात वर्षानुवर्षे टिकून राहणारा माणूस नेमका कशासाठी टिकतो आणि त्या टिकण्याची किंमत कोण मोजतो, हे मला या प्रकरणात जवळून पाहता आले.

पार्श्वभूमी

पेढी गणपती पेठेत तीन पिढ्यांपासून आहे. मार्केट यार्डातील अडत्यांकडून, म्हणजे शेतकऱ्यांचा माल विकून देणाऱ्या दलालांकडून, सौद्यात (लिलावात) हळद घ्यायची, कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील गिरणीत ती दळायची आणि पावडर व अख्खी हळकुंडे घाऊक दुकानदारांना पाठवायची, असे कामाचे स्वरूप आहे. त्या वेळी पगारपत्रकावर ४६ माणसे होती. थोरल्या मालकांचे वय ७१ होते आणि त्यांना सगळे अण्णा म्हणत. त्यांचा मुलगा व्यवस्थापनाचे शिक्षण घेऊन २०१९ मध्ये पेढीवर आला. त्याला दादा म्हणतात. अण्णांच्या दिवंगत भावाचा मुलगाही पुढे दोन वर्षांनी कामात आला.

विलासराव वाळवा तालुक्यातील हळद पिकवणाऱ्या शेतकऱ्याचे चिरंजीव. बी.कॉम. होऊन जून २००५ मध्ये ते पेढीवर दिवाणजींच्या हाताखाली लागले आणि दोन महिन्यांच्या आत कृष्णेचा पूर आला. हरिपूर आणि सांगलीवाडीकडे जमिनीखालच्या पेवांमध्ये हळद साठवण्याची जुनी पद्धत होती. त्या पुरात यांतील अनेक पेवांत पाणी शिरले. कोणत्या पेवातला किती माल वाचला याची यादी करणे, हे विलासरावांचे पेढीवरचे पहिले मोठे काम. ते करताना भिजलेल्या हळदीचा वास आणि रंग नाकाडोळ्यांत बसला तो कायमचा, असे ते सांगतात.

पुढे ते खरेदीत आले. सौद्याच्या ढिगातून हळकुंड उचलायचे, मोडायचे, मोडताना येणारा आवाज ऐकायचा आणि आतला रंग उजेडात धरून पाहायचा, ही त्यांची रोजची परीक्षा. हळद शेतात आठ-नऊ महिने असते. काढणीनंतर ती शिजवून पंधरवडाभर वाळवतात आणि मग पॉलिश करतात. घाई झाली तर हळकुंड वरून कोरडे आणि आतून ओलसर राहते, आणि पॉलिशमुळे ते डोळ्यांना कळत नाही. २०१४ मध्ये विलासरावांनी असाच ८० क्विंटल माल घेतला. महिन्याभरात गोदामात बुरशी धरली आणि तो तोट्यात विकावा लागला. ते अण्णांसमोर राजीनाम्याच्या तयारीने उभे राहिले, तेव्हा अण्णा म्हणाले, “हळद कळायची तर एखादा लॉट वाया जातोच. माझे दोन गेलेत. उद्या सौद्याला वेळेवर जा.”

पेढीची ओढ त्यांना का, असे मी विचारले तेव्हा विलासरावांनी पहिल्यांदा हा प्रसंग सांगितला; पगार, सुट्ट्या, बोनस यांतले काही नाही. चूक झाल्यावर तिचा निवाडा करणारा माणूस त्याच धंद्यात मुरलेला होता, त्याने स्वतः तशीच चूक केलेली होती आणि निवाडा तिथल्या तिथे झाला. चौकशी, अहवाल, वरच्या कार्यालयाचे उत्तर यांत महिनाभर जीव टांगणीला लागला नाही. कुटुंबाच्या व्यवसायातील नोकरीबद्दल लोक “घरच्यासारखे आहे” असे म्हणतात तेव्हा त्यांना बहुधा हेच म्हणायचे असते, असे माझे मत झाले आहे: निर्णय घेणारा हाताच्या अंतरावर असतो आणि तो आपल्याला ओळखतो.

याच ओळखीची दुसरी बाजू २०१८ मध्ये सुरू झाली. विलासरावांच्या वडिलांवर मिरजेत बायपास शस्त्रक्रिया करावी लागली. कर्मचारी राज्य विमा योजनेची वेतनमर्यादा २१,००० रुपये आणि विलासरावांचा पगार तेव्हा २६,०००, त्यामुळे ते योजनेबाहेर होते. खासगी विमा त्यांनी काढलेला नव्हता. अण्णा स्वतः रुग्णालयात गेले आणि १,८०,००० रुपये भरून आले. त्या पैशांविषयी पुन्हा कोणी काही बोलले नाही.

नंतर २०१९ चा ऑगस्ट आला. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. त्या वर्षी पाणी ५७ फुटांपलीकडे गेले. गणपती पेठेतील दुकानात पाणी शिरण्याआधी विलासराव आणि चार हमालांनी रात्रभर खपून माल कुपवाडला हलवला. तोवर सांगलीवाडीतील त्यांचे स्वतःचे घर पाण्याखाली गेले होते. त्यांचे कुटुंब अकरा दिवस गिरणीच्या आवारातील खोलीत राहिले आणि अण्णांच्या घरून दोन्ही वेळचा डबा येत राहिला. त्या महिन्याचे पगार उशिरा झाले, पण एकाचाही पैसा कापला गेला नाही.

अडचण कशी उभी राहिली

नोव्हेंबर २०२१ मध्ये पुतण्याला ‘खरेदी प्रमुख’ करण्यात आले. हा निर्णय रविवारी घरात झाला आणि सोमवारी पेढीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर आला. विलासरावांना तो इतरांबरोबरच कळला. पुतण्या मनाने वाईट नव्हता. त्याला हळद कळत नव्हती, एवढेच. पण आता कोणताही सौदा पक्का करण्याआधी त्याला फोन करून विचारावे लागू लागले आणि सौदा काही फोनसाठी थांबत नाही. डिसेंबरअखेर दोन चांगले लॉट हातचे गेले.

जानेवारीत एका मोठ्या मसाला कंपनीने विलासरावांना पुण्याच्या कार्यालयात खरेदी विभागातील जागा देऊ केली. वार्षिक ८,४०,००० रुपयांचे पॅकेज होते, त्यातून हातात महिन्याला अंदाजे ५८,००० आले असते. पेढीत त्यांना ३४,००० मिळत होते. नियुक्तिपत्र खिशात ठेवून ते नऊ दिवस कामावर येत राहिले. त्यांचे बाजारातील वागणे बदललेले एका अडत्याच्या ध्यानात आले, त्याने दादांना सांगितले आणि दादांनी मला फोन केला.

पर्याय

विलासरावांना मी आधी एकट्याला भेटलो आणि आम्ही कागदावर आकडे मांडले. पुण्यात भाड्याला १८,००० धरले, तर हातात ४०,००० उरत होते. सांगलीत घर स्वतःचे. भविष्यनिर्वाह निधीचे १,८०० आणि व्यवसाय कराचे २०० वजा जाता हातात ३२,००० येत होते. म्हणजे २४,००० वाटणारा फरक ८,००० वर आला, आणि तोही मुलीच्या शाळेचा व येण्याजाण्याचा वाढीव खर्च धरण्याआधी. शिवाय हंगामात महिन्यातील दहा-बारा दिवस निजामाबाद आणि इरोडच्या बाजारांत काढावे लागणार होते.

तरीही हा प्रस्ताव मी किरकोळ मानला नाही आणि तसे त्यांना सांगितलेही. कंपनीत आरोग्य विमा होता, बढतीचे टप्पे ठरलेले होते, निधीची वर्गणी प्रत्यक्ष मूळ वेतनावर जाणार होती आणि मालकाचा पुतण्या वर येऊन बसण्याची शक्यता नव्हती. नात्यागोत्याच्या बाहेरच्या हुशार माणसाला कुटुंबाच्या व्यवसायात एका उंचीनंतर छत लागते, ही तक्रार खोटी नाही. ४१ व्या वर्षी मिळालेली अशी संधी ४६ व्या वर्षी परत येईलच असे नाही.

जाणे आणि राहणे यांखेरीज तिसरी वाट स्वतःची खरेदी-दलाली सुरू करण्याची होती. अडत्यांचा विलासरावांवर विश्वास होता, पण उधारीचा बोजा पेलण्याएवढे भांडवल त्यांच्याकडे नव्हते. तो विषय दहा मिनिटांत संपला. उरली चौथी वाट: राहायचे, पण अटी लिहून घेऊन. तिच्यावर आम्ही सर्वाधिक वेळ घालवला, कारण ती सुचवताच विलासरावांचा चेहरा पडला. ते म्हणाले, “अण्णांकडे कागद मागू? त्यांनी माझ्या वडलांचा जीव वाचवलाय.”

गेल्या तीन वर्षांत त्यांनी एकदाही पगारवाढ मागितली नव्हती. वर्षाला जी मिळे ती घेत होते. मदतीबद्दल अण्णांनी अवाक्षर काढले नव्हते. ओझे तेवढे वाढत गेले होते, आणि ज्या आपुलकीमुळे ते पेढीवर टिकले होते तिनेच त्यांचे तोंड बंद केले होते. त्यामुळे पुण्याला जाणे त्यांना सोपे वाटत होते. निघून जाणाऱ्याला काही मागावे लागत नाही.

खतावणीतील नोंद

भेटीची तयारी म्हणून विलासराव गेले तर त्यांना काय मिळेल याचा हिशेब मी केला. तेव्हाच्या ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मालकाने द्यायची रक्कम) कायद्यानुसार सेवेच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन मिळत असे, ते शेवटच्या मूळ वेतन व महागाई भत्त्यावर महिन्याचे २६ दिवस धरून काढत आणि सहा महिन्यांहून अधिकचा तुकडा पूर्ण वर्ष मानला जाई. त्यांची सेवा सोळा वर्षे सात महिन्यांची, म्हणजे १७ वर्षे. पण पेढीने मूळ वेतन १८,००० एवढेच दाखवून बाकीची रक्कम ‘इतर भत्ते’ म्हणून दिली होती. त्यामुळे ग्रॅच्युइटी सुमारे १,७६,५०० रुपये येत होती. सगळे ३४,००० मूळ वेतन असते तर ती ३,३३,००० च्या पुढे गेली असती.

त्याच वेळी खतावणीत, म्हणजे पेढीच्या हिशेबवहीत, त्यांच्या नावावर १,८०,००० रुपये ‘उचल’ (परत फेडायची आगाऊ रक्कम) म्हणून दिसले. २०१८ मध्ये अण्णांनी पेढीच्या खात्यातून पैसे दिले होते. दिवाणजींनी कुठेतरी नोंद करायची म्हणून ती उचल लिहिली आणि पुढे ती वर्षानुवर्षे ओढली गेली. मी स्वतः ही नोंद तीन वर्षे पाहत होतो आणि ती नेहमीची उचल समजून पुढे जात होतो. विलासरावांनी राजीनामा दिला असता, तर शेवटच्या हिशेबात कोणीतरी ही रक्कम त्यांच्यापुढे ठेवली असती. अशा उचलीपोटी मालकाला ग्रॅच्युइटी अडवता येत नाही. ती रोखण्याची कारणे कायद्यात मोजकी आहेत. पण कायद्याने काय करता येते हा प्रश्न पुढचा. १७ वर्षांच्या नोकरीची रक्कम आणि वडिलांच्या शस्त्रक्रियेची रक्कम एकाच कागदावर समोरासमोर आली असती, तर त्या दोन घरांत पुन्हा बोलणे झाले नसते.

अण्णांशी बोलणे

बैठक पेढीच्या माडीवर झाली. अण्णा, दादा, विलासराव आणि मी असे चौघेच होतो. विलासरावांनी नियुक्तिपत्र अण्णांच्या हातात दिले. अण्णांनी ते दोनदा वाचले आणि विचारले, “आम्ही काय कमी केलं, विलास?”

या प्रश्नाला बहुतेक माणसे “काही नाही” असे उत्तर देतात आणि मग एक तर गप्प राहतात किंवा गुपचूप निघून जातात. विलासराव बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “कमी काही केलं नाही, अण्णा. तुम्ही त्या पैशांचा कधी शब्द काढला नाहीत, म्हणून मलाही पगाराचा शब्द काढता आला नाही. आणि खरेदीचं ठरलं ते मला ग्रुपवर वाचावं लागलं.”

दादांची पहिली प्रतिक्रिया कोरडी होती. बाजारभावाने पगार देणे परवडत असेल तर द्यावा, नाहीतर विलासकाकांना आनंदाने निरोप द्यावा, असे ते म्हणाले. व्यवस्थापनाच्या दृष्टीने ते बरोबरही होते. पण मी खतावणीतील नोंद समोर ठेवली तेव्हा तेही थबकले. अण्णांना ती नोंद ठाऊकच नव्हती. “हे उचल म्हणून कुणी लिहिलं?” असे त्यांनी दोनदा विचारले. त्यांच्या दृष्टीने तो विषय रुग्णालयाच्या दारातच संपला होता.

केलेली कार्यवाही

पुढच्या तीन आठवड्यांत आम्ही नेमणुकीचे पत्र तयार केले. पेढीच्या इतिहासातील असे ते पहिलेच पत्र होते. पगार ४४,००० आणि त्यातील मूळ वेतन २८,००० ठरले. त्यामुळे त्याच १७ वर्षांची ग्रॅच्युइटी सुमारे २,७४,६०० वर गेली. निधीची वर्गणी कायद्याने ठरवलेल्या १५,००० च्या वेतनमर्यादेवर न थांबता प्रत्यक्ष मूळ वेतनावर, म्हणजे महिन्याला ३,३६० रुपये भरायचे ठरले. सर्व कर्मचाऱ्यांसाठी गट आरोग्य विमा घेण्यात आला. एका सौद्यात १०० क्विंटलपर्यंतची खरेदी विलासरावांनी कोणालाही न विचारता करावी आणि पुतण्याने एक पूर्ण हंगाम त्यांच्याबरोबर बाजारात उभे राहावे, असे लिहिले गेले.

सर्वांत जास्त वाद एका वाक्यावर झाला: ‘२०१८ मध्ये दिलेले १,८०,००० रुपये ही मदत होती, ते कर्ज नाही आणि नोकरीच्या अटींशी त्याचा संबंध नाही.’ हे लिहायला अण्णा तयार नव्हते. दिलेली मदत कागदावर आणणे त्यांना हलकेपणाचे वाटत होते, आणि त्यांची ती भावना मला समजत होती. शेवटी दादा म्हणाले, “तुमच्या मनात ती मदतच आहे, अण्णा. वहीत मात्र उचल आहे, आणि पुढे वही मीच वाचणार आहे.” अण्णांनी सही केली आणि त्याच दिवशी आपल्या वैयक्तिक खात्यातून रक्कम भरून पेढीतील ती नोंद मिटवली.

कंपनीला नकार कळवताना विलासरावांनी तो पत्राने कळवला आणि कारणही लिहिले, याची मी मुद्दाम नोंद करतो. त्यांनी दार आपटले नाही.

पुढे काय झाले

२०२२ चा हंगाम नीट पार पडला. पुतण्या दोन महिने सौद्यात उभा राहिला आणि खरेदी आपले काम नव्हे हे त्यालाच पटले. आता तो बेळगाव भागातील विक्री पाहतो आणि ती चांगली पाहतो. विलासरावांचे पत्र मात्र पेढीत लपून राहिले नाही. मार्चमध्ये माल रवानगीच्या नोंदी ठेवणाऱ्या ताईंनी “मलाही तसा कागद हवा” असे दादांना सांगितले. वर्षभरात सगळ्यांना पत्रे द्यावी लागली, मूळ वेतनाची रचना सगळ्यांसाठी बदलावी लागली आणि पेढीचा पगारखर्च अपेक्षेपेक्षा बराच वाढला. त्या वर्षी गिरणीतील नवे यंत्र घेणे पुढे ढकलावे लागले. दादांना हे जड गेले आणि त्यांनी तसे मला स्पष्ट सुनावले.

सगळे राहिले असेही झाले नाही. प्रयोगशाळेतील तरुण तंत्रज्ञ पत्र हातात पडल्यावर चार महिन्यांनी पुण्याला गेला. त्याला कुरकुमिनचे (हळदीला पिवळा रंग देणाऱ्या घटकाचे) प्रमाण मोजणारी आधुनिक यंत्रे हाताळायची होती, ती इथे नव्हती आणि त्याचे जाणे योग्यच होते. मालकाशी असलेली जवळीक प्रत्येकाला हवीच असते असे नाही. काहींना ती नजरेखाली असल्यासारखी वाटते. अण्णा अजूनही रात्री दहाला फोन करून उद्याच्या आवकेविषयी विचारतात. विलासरावांना त्याचा त्रास वाटत नाही. त्या तंत्रज्ञाला वाटत असे.

वेगळे काय करता आले असते

उचलीची नोंद मी पहिल्याच वर्षी विचारायला हवी होती. एक प्रश्न केला असता, तर तीन वर्षांचे मौन कदाचित २०१९ मध्येच फुटले असते. लहान पेढ्यांच्या वह्यांत अशा नोंदी मी नंतर मुद्दाम शोधू लागलो आणि त्या सापडतातही: लग्नासाठी दिलेले, पुरानंतर घर उभे करायला दिलेले, आईच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेला दिलेले. प्रत्येक नोंदीपुढे मी आता मालकांना एवढेच विचारतो की हे परत घ्यायचे आहे काय, आणि जे उत्तर येईल ते वहीत व त्या माणसाच्या हातात एकाच दिवशी जाईल असे पाहतो.

पुतण्याला पहिल्या बैठकीला बोलावले नाही, हीदेखील चूक झाली. ज्या निर्णयाने विलासराव दुखावले तीच चूक आम्ही त्याच्या बाबतीत केली. त्याच्याविषयीचा निर्णय त्यालाही नंतरच कळला. तो समजूतदार निघाला म्हणून निभावले.

तिसरी गोष्ट मला विलासरावांच्या पत्नीने सांगितली, तीही वर्षभराने. आकडे मांडताना आम्ही पुण्याचे भाडे धरले, शाळेचा खर्च धरला, पण पुण्यात त्यांना स्वतःला शिवणकामाचा व्यवसाय वाढवता आला असता, ते उत्पन्न कुठेच धरले नाही. त्यांना कोणी विचारलेच नव्हते. “निर्णय हाच झाला असता,” त्या म्हणाल्या, “पण तो आमचा झाला असता.”

२०२४ च्या जूनमध्ये मुलीच्या पुण्यातील अभियांत्रिकी प्रवेशासाठी विलासरावांनी पेढीकडून दोन लाख रुपये घेतले. अर्ज लिहून, महिना ५,००० च्या हप्त्याने. अर्जावर पती-पत्नी दोघांच्याही सह्या आहेत. अण्णांनी तो वाचला, हप्ता ४,००० केला आणि दिवाणजींना बोलावून उचल म्हणून नोंद करायला सांगितले.